पुरे न म्हणणारं पोट

धाकटा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. दोन भावांची बेकरी होती. थोरला गल्ल्यावर बसायचा आणि हा आत भट्टीवर असायचा, म्हणून गिऱ्हाइकांनीच आपल्या सोयीसाठी एकाला थोरला केलं आणि दुसऱ्याला धाकटा. पुढे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो धाकटाच राहिला.

बेकरी रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. तळमजल्यावर दुकान आणि भट्टी, पहिल्या मजल्यावर थोरल्याचा संसार, दुसऱ्यावर धाकट्याचा. भट्टीचं धुराडं धाकट्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून वर जायचं, त्यामुळे ती भिंत बारा महिने कोमट असे. बायको टपाल कचेरीत कारकून होती. सकाळी कामावर जाताना ती हातरुमाल त्या भिंतीला चिकटवून वाळवी आणि म्हणे, "आमच्याकडे इस्त्री भिंतीतच आहे."

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. म्हणजे रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी, बारीक. उचललं की हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबायचे. दूध ओढायची ताकदच तिच्यात नव्हती. आधी नाकातून नळी घातली, नळी काढल्यावर ड्रॉपरने थेंब थेंब दूध सोडायचं. एक वाटी पोटात जायची तर आईची पाठ मोडून जायची, आणि ती संपेपर्यंत पुढच्या वाटीची वेळ झालेली असायची.

या सगळ्यात वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, पाय रोवून उभी राहिली. तिचे दोन मुलगे तोवर शाळेत जायला लागले होते. ती वर येई, ड्रॉपर हातात घेई आणि धाकट्याच्या बायकोला म्हणे, "तू झोप जरा. मी आहे." कित्येक दुपारी तिने त्या मुलीच्या तोंडात थेंबाथेंबाने जीव घातला. 'ठकू' हे नावही तिचंच. "अगदी लाकडाची ठकी आहे गं, ठेवली तशी राहते," असं म्हणून तिने तिच्या गालाची पापी घेतली आणि तेच नाव पडलं.

ठकू उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, चालायला तर फारच उशीर झाला. डॉक्टर म्हणत, "काही मुलं जरा सावकाश असतात." धाकट्यालाही ते पटायचं. पिठाचा एखादा गोळा उशिरा फुगतो, म्हणून काही तो टाकून द्यायचा नसतो.

आणि मग एक दिवस ती जेवली. धाकट्याने वर पाठवलेली पावांची टोपली जमिनीवर ठेवलेली होती. ठकू सरकत सरकत तिथे गेली, तिने एक पाव उचलला, पूर्ण खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. बायको जिन्याच्या कठड्यावरून ओरडली, "अहो, वर या! ठकूने पाव खाल्ला! स्वतःच्या हाताने!" धाकटा तसाच पिठाच्या हातांनी धावत आला. थोरला गल्ला उघडा टाकून आला. वहिनी आली. चार मोठी माणसं एका लहान मुलीभोवती उभी राहून तिचं खाणं बघत होती, जसं काही ती दोरीवर चालून दाखवत होती. वहिनी एकीकडे डोळे पुसत होती आणि एकीकडे सांगत होती, "सावकाश बाळा, सावकाश. कुणी नेत नाही."

दुसऱ्या दिवसापासून धाकटा प्रत्येक घाण्यात एक अंगठ्याएवढा पाव ठकूसाठी वेगळा करू लागला. तो पत्र्याच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि भाजला की स्वतः वर नेऊन द्यायचा. ते वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. पुढे कधी कुणी सुखाचा विषय काढला, की त्याला तेच वर्ष आठवायचं आणि लगेच त्याची लाजही वाटायची.

कारण ठकू थांबेना. आपलं ताट संपलं की ती दुसऱ्याच्या ताटाकडे बघे. कपाटं उघडायला शिकली. बोलायला ती उशिरा लागली, पण डबा कुठल्या फळीवर आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. एकदा ती जिना उतरून खाली गेली आणि मैद्याच्या पोत्यामागे सापडली. तोंडात कच्चा गोळा होता, आणखी एक मुठीत होता. एकदा टूथपेस्टची नळी रिकामी झाली. एकदा केराची बादली आडवी पडलेली दिसली. ताट उचललं की ती जमिनीवर अंग टाकायची, डोकं आपटायची, इतकी की खालची गिऱ्हाइकं वर बघायची. अंग सुटत चाललं होतं, हात-पाय मात्र बाहुलीसारखे छोटेच राहिले. रस्त्यावरचे लोक कौतुकानेच म्हणायचे, "बेकरीला वेगळी जाहिरात नको! ही बसवा दारात." धाकटा हसायचा.

तीन-चार डॉक्टर झाले. एकाने तर त्याला समोर बसवून झापलं. "मुलगी खात नाही, तुम्ही खाऊ घालता. आधी स्वतःचा हात आवरा." त्या संध्याकाळी ठकूने बिस्किटाच्या बरणीला हात घातला, तेव्हा धाकट्याने तिच्या हातावर चापट मारली. पहिल्यांदाच. ठकूने हात मागे घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि दुसरा हात बरणीत घातला.

शेवटी सरकारी मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने वजन-उंची नंतर घेतली. आधी ठकूचे छोटे हात आपल्या तळव्यावर ठेवून नुसते बघत राहिली.

"जन्मल्यावर दूध ओढत होती का ही?" तिने विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

रक्त तपासायला गेलं. निकाल यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा डॉक्टरणीने दोघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे फार विरळ असतं," ती म्हणाली. "तुम्ही याआधी कधी ऐकलं नसेल, बऱ्याच डॉक्टरांनीही फक्त पुस्तकात वाचलेलं असतं. आपलं पोट भरलं की मेंदूला निरोप जातो, की बास, पुरे. हिच्यात तो निरोप पोचतच नाही. ती हट्टी नाही, हावरट नाही. तिला खरोखर भूक लागलेली असते. कायम."

"कायम म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे जेवतानासुद्धा. जेवण झाल्यावरसुद्धा."

"मोठी झाली की कमी होईल ना?"

डॉक्टरणीने नकारार्थी मान हलवली. "स्नायूंसाठी, उंचीसाठी औषधं आहेत, ती देऊ. भुकेसाठी माझ्याकडे आज काही नाही. स्वयंपाकघराला कुलूप लावा. हे ऐकायला क्रूर वाटेल, पण तिला जगवायचं असेल तर तेच करावं लागेल."

धाकट्याने एवढंच विचारलं, "हे आलं कुठून?"

तिने नीट समजावून सांगितलं. प्रत्येक माणसात गुणसूत्रांच्या जोड्या असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. पंधराव्या जोडीत वडिलांकडून आलेल्या भागातला एक बारीक तुकडा ठकूमध्ये नव्हता. "पण हा आपोआप गळतो," ती दोनदा म्हणाली. "तुम्ही काही केलं म्हणून नाही, काही करायचं राहिलं म्हणून नाही. यात कुणाचाही दोष नाही."

एवढ्या बोलण्यातलं 'वडिलांकडून' हे एकच धाकट्याच्या डोक्यात राहिलं. घरी जाताना बसमध्ये तो बायकोला म्हणाला, "माझ्याकडूनच कमी आलं."

"अहो, त्या काय म्हणाल्या? दोष नाही कुणाचा."

"दोष नसेल. पण तुकडा माझाच होता ना?"

ठकू दोघांच्या मधे बसून पुढच्या बाकावरच्या बाईच्या पिशवीकडे बघत होती.

सुताराने येऊन स्वयंपाकघराला दार बसवलं, कपाटांना कड्या लावल्या. फ्रीजला साखळी आली. किल्ली बायकोच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली. जेवणं घड्याळावर, मोजूनमापून, एकच ताट, मागणं नाही. पाहुण्यांना दारातच सांगावं लागे, खाऊ आणला असेल तर पिशवी बाहेर ठेवा. हळूहळू पाहुणेही बाहेरच राहिले.

पण दाराला कुलूप लावता येतं, वासाला कसं लावणार? उजाडायच्या आधी पहिला घाणा भट्टीत जायचा आणि वास धुराड्याच्या भिंतीतून घरात उतरायचा. ठकूला त्यानेच जाग येई. स्वयंपाकघरात जाता येत नसे, म्हणून ती बाहेरच्या खोलीत जिथे ती भिंत वळून येते त्या कोपऱ्यात, भिंतीला नाक लावून बसे. रडत नसे. नुसती बसे. काम आटोपून धाकटा वर आला की ती धावत येऊन त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसायची. लांब श्वास घ्यायची. त्याच्या नखांत अडकलेलं पीठ चाटायची. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत उभा राहायचा. त्याला वाटायचं, बापाला मिठी मारायला लेक धावत येते, याहून जास्त काय हवं? आणि खरं काय आहे तेही त्याला कळायचं.

वहिनीला हे सगळं सहन होईना. ती साधी, भरल्या घरातली बाई. एक दिवस जिन्यात तिने धाकट्याला अडवलं.

"भावोजी, खाली पावांचे ढीग आणि वर पोर भुकेने रडते. माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो."

"वहिनी, तिला कितीही दिलं तरी ती भूक जायची नाही."

"असली कसली भूक? भूक काय कायमची असते होय? त्या डॉक्टरणीला मूलबाळ आहे का, विचारा एकदा."

धाकट्याने पुन्हा समजावलं. ती ऐकत होती, मानही डोलवत होती. पण तिला ते पटलं नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत ठकूचं वजन वाढतच गेलं. झोपेत ती घोरायची, मधेच श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टरणीने कपाळाला आठ्या घातल्या. "घरी कुणीतरी देतंय." बायकोने छातीवर हात ठेवून सांगितलं, कुणी नाही. आणि मग अंथरुणं उन्हात घालताना ठकूच्या उशीच्या अभ्र्यातून पावाचा चुरा पडला. मूठभर, वाळलेला.

"ठकू, हे कुणी दिलं?"

"काकू देते," ठकू आनंदाने म्हणाली. "जिन्यात. काकू चांगली."

भांडण झालं ते पहिल्या मजल्यावर, सगळ्यांसमोर. धाकट्याचा आवाज चढलेला त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. "मारायचंय का तिला?" तो ओरडला. वहिनी आधी रडली, मग तीही भडकली.

"ज्या तोंडात मी थेंब थेंब दूध सोडलं, त्या तोंडाला मी नाही म्हणू? तुमच्याच्याने होतं, भावोजी. माझ्याच्याने नाही होत."

तिच्या पोटात माया होती, आणि त्या मायेने धाकट्याची मुलगी गुदमरत होती. तो खाली उतरला. थोरला मागोमाग आला.

"दादा, मी इथून जातो."

"जातो म्हणजे? भट्टी कोण बघणार?"

"कुणीतरी ठेव."

"अरे, वडिलांनी आपल्या दोघांच्या हाती दिली ही..."

"मी इथे पाव भाजतो आणि वर माझी मुलगी भिंतीला नाक लावून बसते," धाकटा म्हणाला. "मला नाही जमत आता."

थोरला गल्ल्यावर जाऊन बसला आणि सुटे पैसे उगाच पुन्हा पुन्हा लावत राहिला.

धाकट्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला घर शोधलं. घर बघायला जाताना तो खोल्या नंतर बघायचा, आधी रस्त्यावरून नाक वर करून फिरायचा. हॉटेल नको, खानावळ नको, खाद्यपदार्थांची गाडी नको. दलालाला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. शेवटी गोदामांच्या मागे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तिथे पत्र्याचा आणि रंगाचा वास यायचा. धाकटा म्हणाला, "छान आहे."

काम मिळालं लाँड्रीत. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी तिथे धुवायला येत. मोठ्या फिरत्या पिंपांतून ओल्या चादरी ओढून काढायच्या आणि वाफेच्या रुळांतून सरळ करायच्या. उष्णतेची त्याला सवय होती. पण हाताला काम अनोळखी वाटे. पीठ दाबलं की परत वर येतं. चादर नुसती पडून राहते. दुपारच्या सुट्टीत तो भिंतीकडे तोंड करून भराभर जेवायचा, घरी ठकूला दिसू नये म्हणून जेवायचा तसाच. बरोबरचे लोक थट्टा करत, "हा जेवतो की चोरी करतो?"

पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा ठकू नेहमीसारखी दाराकडे धावली. सदऱ्यात तोंड घातलं, श्वास घेतला, मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि परत जाऊन आपल्या जागी बसली. बायकोने ते बघितलं. धाकटा मोरीत गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. त्या हातांना आता साबणाशिवाय कसलाही वास नव्हता.

वर्षं गेली. ठकूला विशेष मुलांच्या शाळेत घातलं. तिथल्या बाई म्हणायच्या, वर्गात कुणी रडलं की सगळ्यांच्या आधी ठकू त्याच्याजवळ जाऊन बसते. चित्रांचे तुकडे जोडायच्या खेळात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती तुकडे उलटे, कोऱ्या बाजूने ठेवून जोडायची. चित्र बघायची तिला गरजच वाटायची नाही. पण मन बिघडलं की हाताची कातडी नखांनी उकरायची, रक्त येईपर्यंत. आणि दिवसभर एकच प्रश्न, "आता जेवायला किती वेळ?" उत्तर दिलं की पुन्हा तोच. बायकोने नोकरी सोडली होती. ती दिवसभर त्या प्रश्नाला उत्तर देत असे.

एकदा सुट्टीच्या दिवशी ठकू धाकट्याजवळ येऊन बसली.

"बाबा, तुला भूक लागते?"

"लागते की."

"मग ती जाते?"

"हो. जेवलं की जाते."

ठकूने जरा विचार केला. "कुठे जाते?"

धाकट्याने खूप आठवून बघितलं, पण आपली भूक कुठे जाते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

ठकू सतरा-अठरा वर्षांची असताना ते घडलं. त्या दिवशी बायको तापाने फणफणली होती. दुपारी औषध घेऊन तिचा डोळा लागला. बाहेरच्या दाराची कडी नीट बसली नव्हती. ठकू चपला न घालता जिना उतरली आणि वासाच्या मागे चालत गेली. दोन रस्ते ओलांडून, बाजारापर्यंत.

लाँड्रीत फोन आला. ठकूच्या मनगटात धाकट्याचा नंबर कोरलेली पट्टी असायची, तो बघून दुकानदाराने केला होता. धाकटा रबरी बुटांतच धावला. किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला घोळका जमला होता. मधे ठकू जमिनीवर बसलेली. बाजूला साखरेचं पोतं फाटलेलं, कच्च्या तांदळाची थैली, शेंगदाणे. तोंड, छाती, केस, सगळं पांढरं. एका गालावर बोटं उमटलेली.

"तुमची का ही?" एक बाई म्हणाली. "पोटभर खायला घालत जा की घरी! लोकांची दुकानं कशाला लुटायला सोडता?"

दुकानदार जरा वरमला होता. "आधी सांगायचं ना, वेडी आहे म्हणून. हात उचलला नसता मी."

"वेडी नाही ती," धाकटा म्हणाला.

"मग काय आहे?"

"भूक लागलीय तिला."

घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. ठकूने धाकट्याला ओळखलं, दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हटल्यासारखे. तिला उचलणं आता कुणालाच शक्य नव्हतं. तो खाली तिच्याशेजारी बसला.

"बाबा, मी वाईट नाही ना?"

"नाही गं."

"मग त्यांनी का मारलं?"

संध्याकाळपर्यंत ठकूचं पोट ढोलासारखं ताठ झालं. दुखतं का विचारलं तर ती नाही म्हणाली. तिला वांती झाली नाही, ती कण्हली नाही. पण या मुलांना दुखणं कळत नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो, हे डॉक्टरणीने केव्हाच बजावून ठेवलं होतं. धाकट्याने तिला तसंच दवाखान्यात नेलं. पोट आतून इतकं ताणलं होतं की त्याचा एक भाग मेला होता. शस्त्रक्रिया करावी लागली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "प्रयत्न करतोय. वाचेल असं आत्ता सांगता येत नाही."

वाचली. पण पुष्कळ दिवस ती नळ्यांमध्ये पडून होती, पुन्हा तान्ह्या बाळासारखी, हातपाय सैल. त्या दिवसांत थोरला आणि वहिनी आले. कित्येक वर्षांनी. वहिनी म्हातारी दिसत होती. ती दारातच थांबली आणि तिने दोन्ही तळवे पुढे केले.

"रिकाम्या हाताने आलेय, भावोजी. बघा."

धाकट्याने ते हात धरले. थोरल्याने सांगितलं की भट्टी दोन वर्षांपूर्वीच विझवली, मुलांनी तिथे मोबाईलचं दुकान काढलंय.

एका दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेले असताना बायको एकदम म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? ते डॉक्टर म्हणाले ना, वाचेल असं सांगता येत नाही... तेव्हा मला क्षणभर हलकं वाटलं. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवल्यासारखं. मी कसली आई हो?"

धाकटा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मलाही वाटलं."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. येणारे-जाणारे समजले, यांचं कुणीतरी गेलं.

ठकूला पुन्हा त्या दोन खोल्यांत आणायचं बळ आता दोघांतही नव्हतं. डॉक्टरणीनेच, तिचेही केस आता पांढरे होऊ लागले होते, शहराबाहेरच्या एका निवासाचा पत्ता दिला. अशाच मोठ्या झालेल्या मुलामुलींसाठी काढलेलं घर. स्वयंपाक वेगळ्या इमारतीत होतो, ताटं वाढून झाकून येतात, उरलेलं लगेच परत जातं. जागा व्हायला खूप थांबावं लागलं. झाली, तेव्हा धाकट्याने ठकूची बॅग भरली आणि बायकोने ती दोनदा उपसून परत भरली.

पहिल्या भेटीला तो एकटाच गेला. बायको म्हणाली, तिने "आई, घरी ने" म्हटलं तर मी घेऊन येईन, मग काय करायचं? धाकटाही जीव मुठीत धरूनच गेला होता. पण ठकू तसं काही म्हणाली नाही. तिने त्याचा हात धरून सगळं घर दाखवलं. झोपायची खोली, व्यायामाची खोली, बागेतला तिचा वाफा. वजन बरंच उतरलं होतं. हातावरच्या जखमांवर नवी कातडी आली होती.

"इथे बरं वाटतं का गं?" त्याने विचारलं.

"हो."

"भूक?"

"लागते."

"मग?"

ठकू चालता चालता थांबली. तिला वाक्य जुळवायला वेळ लागायचा. "इथे मिळणारच नाही," ती म्हणाली. "मला माहीत असतं. मग मी बघत नाही. घरी मला वाटायचं, आज आई विसरेल. रोज वाटायचं."

हे त्याने बायकोला सांगितलं नाही. जेवते, झोपते, बाग करते, एवढंच सांगितलं. पण पोटात ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार? पुढे एकदा दोघं ठकूच्या लहानपणाबद्दल बोलत होते, तेव्हा ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

बायको निवडत बसलेली भाजी तशीच हातात धरून राहिली.

"मी विसरायचे," ती म्हणाली. "मुद्दाम."

"काय?"

"त्या बाजाराच्या दिवशी नाही. तेव्हा खरंच ताप होता. पण त्याआधी... कधी कधी. कुलूप नुसतं अडकवायचे, दाबायचे नाही. आणि बाहेर जाऊन बसायचे. ती इतकी खूश व्हायची हो. तेवढ्यापुरती."

धाकट्याला राग आला नाही. त्याला जिन्यात उभी असलेली वहिनी आठवली आणि पाठोपाठ स्वतःच्या हातातला अंगठ्याएवढा पाव. त्याने बायकोच्या हातातून भाजी घेतली आणि उरलेली निवडायला घेतली.

आता ठकू तिशी ओलांडून गेली आहे. या मुलीचं तारुण्य गाठणंच अवघड, असं कधीकाळी त्यांना सांगितलं होतं. तिचं हृदय थकलंय, पायाला सूज असते, थंडीत छाती भरते. दोघं दर महिन्याला जातात. सगळ्या खाण्याच्या गोष्टी, पडशावरची गोळीसुद्धा, फाटकावर जमा करतात. तिच्याजवळ दुपारभर बसतात आणि उन्हं उतरली की निघतात. पुतण्या म्हणतो, काका, तुमच्यामागे मी बघेन. चांगला मुलगा आहे. पण त्यालाही संसार आहे, आणि तो ठकूला पाच-सहा वेळाच भेटलेला आहे.

मागच्या पावसाळ्यात धाकट्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी जिने कमी चढा, मीठ तोडा, असं सांगितलं. एरवी औषधाचं नाव काढलं की तोंड फिरवणारा हा माणूस आता गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी गोदामांच्या रस्त्याने काठी टेकत फेऱ्या मारतो. लाँड्रीतला एक जुना सोबती परवा त्याला वाटेत भेटला. म्हणाला, "काय धाकटे, या वयात एवढी तब्येत राखताय? शंभर गाठायचीत की काय?"

"शंभर नकोत," धाकटा म्हणाला. "तिच्यापेक्षा एक दिवस जास्त."

सोबती जरा चुळबुळला, मग कामाचं निमित्त काढून निघून गेला. धाकट्याची फेरी अजून अर्धी राहिली होती.